खळ्यावरची सहावी

दुकानाच्या पाटीवर ‘फोटो व भेटवस्तू’ एवढंच लिहिलं आहे, त्यामुळे महाडला नवीन आलेला माणूस आत येऊन आधी पासपोर्ट फोटो मागतो. तेही काम मी करते. पण माझं खरं काम वेगळं आहे. आमच्या खोऱ्यांतली जुनी छायाचित्रं, म्हणजे लावणी, बैलांचा बाजार, पाणवठा, जत्रेतली पालखी, ही मी घरात वापरायच्या वस्तूंवर छापून देते. भिंतीवरचं घड्याळ, चहाचा मग, उशीचा अभ्रा, दाराशी चाव्या अडकवायची पाटी. लग्नात, वास्तुशांतीला, सेवानिवृत्तीला लोक ती भेट म्हणून देतात.

छपाईची रीत सोपी आहे. एका खास शाईने कागदावर चित्र छापायचं, तो कागद वस्तूवर पालथा घालायचा आणि गरम दाबयंत्रात, ज्याला आम्ही हीट प्रेस म्हणतो त्यात, मिनिटभर दाबून धरायचा. उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती वस्तूच्या लेपात शिरते. मग ते चित्र घासून जात नाही, धुऊन जात नाही. चूक झाली तर तीही जात नाही.

मूळ छायाचित्रं माझी नाहीत. आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींची आहेत. त्यांची सारी नोकरी पोलादपूरच्या डोंगरांतल्या वाड्यांवर गेली आणि पगारातून त्यांनी एकच चैन केली, ती कॅमेऱ्याची. मी चौथी पास झाले तेव्हा हेच गुरुजी तीन तास चालून आमच्या घरी आले होते. माझ्या वडिलांना म्हणाले, “पोरीला महाडला शिकायला ठेवा. भात लावायला माणसं मिळतील, अशी डोकी मिळत नाहीत.” वडिलांना सहीपुरतं लिहिता येत होतं. त्यांनी ऐकलं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावाने आला, त्याला ही दोन माणसं कारण आहेत. पुढे मी दुकान काढलं तेव्हा म्हाताऱ्या गुरुजींनी निगेटिव्हची पत्र्याची पेटी माझ्या स्वाधीन केली. “मी नुसतेच काढले,” म्हणाले. “लोकांना दाखवायचं राहून गेलं. ते तू कर.”

या धंद्यात गिऱ्हाईक काय मागेल ते सांगता येत नाही. औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ पहिली पाळी संपवून हेल्मेट हातात धरूनच आले. त्यांना त्यांच्या आजोबांचा नांगरणीचा फोटो घड्याळावर हवा होता. फोटोत आजोबांशेजारी दुसरा एक माणूस बैलाच्या वेसणीला धरून उभा होता.

“ह्याला काढा,” ते म्हणाले.

“कोण आहेत हे?”

“शेजारी. त्यांच्या नातवाशी आमचा बांधावरून वाद चाललाय. त्यांचं थोबाड आमच्या भिंतीवर नको.”

मी काढला. महिन्याभराने दुसरे एक गृहस्थ तोच फोटो शोधत आले. त्यांना त्यातला नांगर धरणारा नको होता, वेसण धरणारा हवा होता. मी त्यांनाही तसं करून दिलं. एका घरात बैल नांगरणाऱ्याने हाकले, दुसऱ्या घरात वेसण धरणाऱ्याने. नांगरणी मात्र दोघांनी मिळून केली होती, हे त्या दोघांना सांगायची हिंमत तेव्हा मला झाली नाही. याची रुखरुख अजून आहे.

पाचाडला खानावळ चालवणाऱ्या एका दादांनी आईचा चुलीपुढचा फोटो ताटाखाली ठेवायच्या चटयांवर छापून घेतला. आई भाकरी थापते आहे, त्यावर गिऱ्हाइकाचं ताट यावं, अशी त्यांची कल्पना. मलाही ती फार आवडली. रायगडावरून उतरलेली माणसं भुकेली असायची, पण चटई दिसली की ताट हातातच धरून बसायची. “म्हातारीच्या तोंडावर ताट कसं ठेवायचं?” शेवटी दादांनी सगळ्या चटया भिंतीवर ठोकल्या. तेव्हापासून माणसाचा चेहरा कुठल्या वस्तूवर चालतो आणि कुठल्या नाही, ते मी आधी विचारते. घड्याळ सगळ्यांना चालतं. ते उंचावर असतं आणि त्याच्याकडे मान वर करूनच बघावं लागतं.

आता ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे माहेरवाशिणींचे मेळावे होऊ लागले आहेत. गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींना, मग ती काल लग्न झालेली असो की नातवंडांची आजी असो, मे महिन्यात एक दिवस गावी बोलवायचं. वेशीवरून वाजतगाजत आणायचं, ओटी भरायची, जेवू घालायचं आणि एक भेटवस्तू द्यायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातलं एक गाव आहे, तिथल्या मंडळाचे अध्यक्ष गणपतभाऊ मार्चमध्ये माझ्याकडे आले. मुंबईत नोकरी पूर्ण करून ते गावी परतले होते. बोलण्यात मुंबईची घाई होती, पण मन गावचं.

“ताई, एकशे तीस लेकी आहेत. प्रत्येकीला घड्याळ. आणि त्याच्यावर आपल्या गावातल्या बायांचा जुना फोटो पायजे. एकदम ओरिजिनल.”

गुरुजींच्या पेटीत त्या गावाचं पाकीट होतं. त्यातली एक निगेटिव्ह मी उजेडासमोर धरली आणि मला दुसरं काही बघावंसंच वाटेना. भाताचं खळं, डावीकडे रचलेल्या भाऱ्यांची उडवी, आणि मधोमध ओळीने उभ्या पाच बाया. पाचींच्या हातांत धान्याने भरलेली सुपं. पाचींच्या डोक्यांवर पदर. चेहरे इतके स्वच्छ की एकीच्या हनुवटीवरचं गोंदण मोजता यावं.

उजव्या कडेला आणखी कुणीतरी होतं. ती हाललेली होती. हात वर, चेहरा अर्धा वळलेला, सगळं धुरकट. निगेटिव्ह लांबट आणि घड्याळ चौकोनी, म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीतरी कापावं लागणारच होतं. मी डावीकडची उडवी कापली आणि उजवीकडची ती धुरकट आकृती कापली. विचार करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. आमच्या धंद्यात हाललेलं माणूस म्हणजे वाया गेलेली जागा. गणपतभाऊंना नमुना व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्यांनी पसंतीचा अंगठा पाठवला, आणि आठ दिवसांत मी एकशे तीस घड्याळं छापून मोकळी झाले.

मेळाव्याला तेरा दिवस होते. पहिले दोन खोके घेऊन मी स्वतः गावात गेले. देवळाच्या सभामंडपात खोके उघडले आणि बाया गोळा झाल्या.

“अगो, ही माझी सासू! बघ कशी बघते, आत्ता वराडंल असं वाटतंय.”

“ही मधली गणपतभाऊंची आई. नाक बघ, तेच.”

“आनि ही आमची थोरली जाऊ. तेव्हा कशी पडवळासारखी होती, आता बघ!”

मी कौतुकाने फुलून गेले होते. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. बाया बाजूला झाल्या. तिला सगळे बयोआत्या म्हणत. ऐंशीच्या पुढची, पाठ वाकलेली, नजर मात्र घारीची. तिने घड्याळ दोन्ही हातांत धरलं, लांब केलं, जवळ घेतलं, आणि बोटाने मोजलं.

“पाच?”

“हो आत्या, पाच जणी,” मी म्हटलं.

“सहा होतो आम्ही. सहावी कुठं गेली?”

“सहावी कोण?”

“मी गो!”

सभामंडप हसला. मला हसू आलं नाही. मी मोबाइलमध्ये मूळ फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिने धुरकट आकृतीवर बोट ठेवलं. डोक्यावर पदर नसलेली, भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेली, खाली आपटायच्या बेतात असलेली बाई.

“ही मी. मग मला कापलंस कशाला?”

“तुम्ही हालला होतात आत्या. फोटो नीट आला नव्हता.”

“हालनार नाय तर काय? काम करत होते. गुरुजी बोलले, हलू नका. ह्या पाच जणी सुपं धरून पुतळ्यासारख्या ऱ्हायल्या. मी बोलले, गुरुजी, भात काय तुमचा फोटो झोडनार काय?”

पुन्हा हशा झाला. आत्या मात्र घड्याळ खाली ठेवीना. “खळं माझ्या बापाचं,” ती हळू म्हणाली. “आनि त्याच्यावरून मलाच उठवलंस.”

तेव्हा मला तो पदर समजला. पाचींच्या डोक्यांवर पदर होता, कारण त्या गावच्या सुना होत्या. सहावीच्या डोक्यावर नव्हता, कारण ती गावची लेक होती. बापाच्या खळ्यावर लेक डोकं झाकत नाही. लेकींच्या मेळाव्यासाठी मी सुनांचा फोटो केला होता आणि त्यात असलेली एकुलती एक लेक कातरली होती. ही चूक शहरातल्या माणसाने केली असती तर मी त्याला हसले असते. मी याच डोंगरातली. माझ्या माहेरी मीसुद्धा उघड्या डोक्यानेच वावरले होते.

मी शेजारी उभ्या गणपतभाऊंना विचारलं, “आत्यांचं नाव यादीत आहे ना?”

भाऊ गोंधळले. “त्या इथंच असतात की. माहेरवाशीण म्हणजे सासरवरून येते ती. ह्यांचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत वारला. तेव्हापासून भावाकडे, आता भाच्याकडे.”

“मी पन सासरवरूनच आले,” आत्या म्हणाली. “एकदाच आले. परत गेले नाय, एवढंच.”

“आत्या, तसं बघायला गेलं तर अजून तिघी आहेत गावात. नवऱ्याने सोडलेली एक, लग्नच न झालेली एक, आणि ती वरच्या आळीतली. मग त्या पण माहेरवाशिणी?”

“नाय तर काय भाडोत्री हायत?”

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “जाऊ द्या ताई. घड्याळं झकास झालीत. खोके इथंच ठेवा.”

मी आजवर गिऱ्हाइकाचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी मी खोके परत बांधले. “ही घड्याळं मी देणार नाही, भाऊ. सहाव्या बाईसकट नवीन आणून देते. यादीत कोण घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फोटोत कोण असणार ते मात्र आता मी ठरवणार.”

भाऊ म्हणाले, “तेरा दिवस राहिलेत.” आत्या म्हणाली, “हिला बोलू दे रे. कापताना नाय बोलली, आता तरी बोलते.”

घाटातून उतरताना माझी खरी घाबरगुंडी उडाली. पूर्ण फोटो बसेल असं लांबट घड्याळ महाडात नव्हतं. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे लांब पाट्या होत्या, पण त्यांना काटे बसवायचं भोक उजव्या टोकाला आधीच पाडलेलं, आणि मागे अडकवायची कडी पक्की, म्हणून पाटी उलट फिरवायचीही सोय नाही. उजवं टोक म्हणजे नेमकी आत्या. एकदा तिला कापलं, आता तिच्या छातीत काटे रोवायचे? मी बिनभोकाच्या पाट्या मागवल्या. व्यापारी म्हणाला, तशा कुणी मागवत नाही, चार दिवस लागतील. लागले सहा. त्याच्या माणसाने गठ्ठे रेल्वेने महाडजवळच्या वीर स्थानकावर आणले आणि मी दोन रिक्षा करून ते दुकानात पोचवले.

मधल्या दिवसांत मी एक वाईट प्रयोग केला, तोही सांगते. धुरकट चेहरे स्वच्छ करून देणारं नवं अॅप मोबाइलवर मिळतं. त्यात आत्याला घातलं. क्षणात एक सुंदर तरुणी तयार झाली. कोरलेल्या भुवया, टपोरे डोळे, नितळ गाल. अशी बाई त्या खळ्यावर कधीच उभी नव्हती. मी ते पुसून टाकलं. आत्या हाललेलीच ठेवली.

आमचे हे वसाहतीतल्या कारखान्यात आहेत. पाळीवरून आले की चहा घेऊन ते ड्रिल मशीन हातात घ्यायचे. आम्ही भोक डाव्या बाजूला घ्यायचं ठरवलं, भाऱ्यांच्या उडवीवर. म्हणजे काटे गवतावर फिरणार आणि सहाही बाया मोकळ्या राहणार. पहिली पाटी चिरली. दुसरीही चिरली. तिसरीला ह्यांनी खाली लाकडी ठोकळा धरला, मग जमलं. मी छापायचं, ह्यांनी भोक पाडायचं, शेजारच्या शिंपीणबाईंनी काटे बसवायचे. चिरलेल्या पाट्या सोडूनही थोड्या जास्त तयार होत होत्या, कारण मी मोजून मागवल्या नव्हत्या.

मेळाव्याच्या तीन दिवस आधी गणपतभाऊंचा फोन आला.

“ताई, चार घड्याळं वाढवा.”

मी काही विचारण्याआधी तेच बोलू लागले. मंडळाच्या बैठकीत दोन तास वाद झाला होता. यादी मोठी करू नका म्हणणाऱ्यांत आधी तेही होते. मग त्यांनी मी पाठवलेला पूर्ण फोटो सगळ्यांना दाखवला.

“मी म्हटलं, नीट बघा. मध्ये आमची आई. हातात सूप, सुपात भात. ते भात झोडलं कुणी? कडेच्या बाईनं. ती नसती तर ह्या पाच जणी सुपात काय वारा पाखडणार होत्या? एवढं बोललो ताई, आणि वरच्या आळीचे तात्या म्हणाले, बास, चौघींची नावं घाला.”

तो फोन ठेवला आणि मी गुरुजींच्या पेटीला नमस्कार केला. पदवीदान समारंभातसुद्धा मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही दोघं टेम्पोत खोके घेऊन सकाळीच पोचलो. वेशीवर केळीच्या खांबांची कमान होती, ढोल-ताशा तयार होता. पोलादपूरहून येणारी एसटी नि सात-आठ गाड्या भरून लेकी यायच्या होत्या. सभामंडपात सगळे होते, बयोआत्या नव्हती. भाच्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “पहाटेच चौघी जणी निघाल्या. कुठं चाललात विचारलं तर सांगतायत काय!”

एसटी आली. लेकी उतरू लागल्या आणि गणपतभाऊंनी कपाळाला हात लावला. एसटीतून उतरलेल्या बायांच्या घोळक्यात बयोआत्या उभी होती, बाकीच्या तिघीही होत्या. चौघी पहाटेच चालत मागच्या थांब्यापर्यंत गेल्या होत्या आणि तिथून तिकीट काढून आल्या होत्या. आत्याने नवं लुगडं नेसलं होतं. हातात पिशवी होती.

“आत्या, हे काय?” भाऊ म्हणाले.

“लेक माहेरी येते ती चुलीपासून देवळापर्यंत येते काय? यष्टीनं येते. तुझे ढोल कुनासाठी हायत? वाजव.”

वाजवले. असे वाजवले की डोंगरावरून आवाज परत आला. एकशे चौतीस लेकी कमानीखालून आत आल्या आणि वयाने मोठी म्हणून सगळ्यांत पुढे बयोआत्या होती. भाऊंनी तिच्या हातातली पिशवी घेतली, भाऊ बहिणीची घेतो तशी. “जपून रे,” ती म्हणाली, “पोरांचा खाऊ हाय.” देवळात नावं पुकारली ती बापाच्या नावाने. तिच्या बापाचं नाव त्या मंडपात कित्येक वर्षांनी उच्चारलं गेलं असेल. ओटी सगळ्यांची भरली. कुणी कुणाचं कपाळ बघितलं नाही. घड्याळ हातात आल्यावर तिने आधी सहा मोजले, मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला तेवढं पुष्कळ झालं.

पहिली चौकोनी घड्याळं मी विकली नाहीत, ती माळ्यावर आहेत. त्यांतलं एक दुकानात लावलं आहे आणि शेजारी लांबट. कुणी म्हणालं, “कडेचा माणूस काढा हो,” की मी त्यांना आधी त्या दोन घड्याळांसमोर उभं करते. बरेच जण कडेच्या माणसाला राहू देतात. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. जेवणं व्हायच्या आधी प्रत्येक लेक आपापल्या घरी पाय लावून येते, तशी रीत आहे. बयोआत्याचं घर देवळापासून तिसरं. खोके उतरवून मी त्याच वाटेने येत होते. आत्या आपल्याच दारात, पायरीच्या खाली, काठी टेकून उभी होती. आत जात नव्हती.

“सूनबाय! अगो, बाहेर ये.”

भाच्याची बायको पदराला हात पुसत आली. “आत्या, उभ्या का? या की आत.”

“अशीच येऊ? माहेरवाशीण दारात आली, भाकरतुकडा कुनी ओवाळायचा?”

“अहो, पहाटे तर घरातनं गेलात!”

“मग? आले ना?”

ती बाई आत पळाली आणि पाण्याचा तांब्या नि भाकरीचा तुकडा घेऊन आली. तिने तो तुकडा आत्यावरून ओवाळून लांब टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, पायांवर पाणी घातलं. आत्याने पिशवीतून खाऊचा पुडा काढून तिच्या हातात दिला, उजवा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला, आणि ज्या घरात साठ वर्षं भाकऱ्या भाजल्या त्या घरात पाटावर जाऊन बसली. चहा कुणी आणून देतंय का, याची वाट बघत.